धिम्या गतीची टेप

नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळ शकूर टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. काम झालं की टेपच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर तो गिऱ्हाइकाचाच आवाज भरायचा आणि धिम्या गतीनं ऐकवायचा. धडधाकट माणूस म्हशीसारखा हंबरायचा. गिऱ्हाईक पोट धरून हसायचं.

त्या दुपारी वडनेरचे हिंमतराव आपला टेपरेकॉर्डर न्यायला आले होते.

"बोला, भाऊ, काही तरी."

"काय बोलू बे? घरचे वाट पाहून राह्यले. लवकर दे."

शकूरनं टेप मागं फिरवली, खटका धिम्या गतीवर नेला आणि यंत्र सुरू केलं.

"काय बोलू बे?" टेपमधला आवाज जसाच्या तसा होता.

रिळं तर हळू फिरत होती. शकूरनं वाकून आतला पट्टा पाहिला. तोही ठीक होता.

"भाऊ, तुमचा आवाज तं बदलूनच नाही राह्यला," म्हणत त्यानं हसून वर पाहिलं.

हिंमतरावांचे ओठ सावकाश उघडत होते.

"का... य... झा... लं... बे..."

आवाज जाड होता, खोल विहिरीतून वर यावा तसा. बाहेर गाडीची शिट्टी घरघरत लांबत चालली होती. डोक्यावरच्या पंख्याची पाती एकेक मोजता येत होती.

"लवकर दे," टेप म्हणाली.

शकूरनं खटक्याकडे झेप घेतली. त्याचं बोट पोचण्याआधीच तुकडा संपला. टेपचं सुटलेलं टोक यंत्रावर फटफट आपटू लागलं.

हिंमतरावांचं तोंड उघडंच राहिलं होतं. पंखा थांबला होता.

साऱ्या नांदुऱ्यात तेवढीच एक फटफट ऐकू येत होती.