सुताराचा पंजा

लॅबवाल्या बाईंनी वॉर्डातल्या सगळ्यांना थाळीतल्या जेलीवर पंजा टेकवायला लावला. हातावर जंतू असले, तर दोन दिवसांत तिथे उगवणार होते. मोठे डॉक्टर भडकले. "तीस वर्षं या हातांनी माणसं वाचवली. आता तुम्ही मला हात धुवायला शिकवणार?"

दोन दिवसांनी त्यांच्या थाळीत पांढरा पंजा उगवला. त्याला तर्जनी नव्हती.

डॉक्टरांची पाचही बोटं शाबूत होती. तर्जनी नव्हती ती चार नंबरच्या खाटेवरच्या सुताराला. जखमेतल्या जंतूंनी एकाही औषधाला दाद दिली नाही, आणि गेल्या आठवड्यात तो गेला. "नशीब एकेकाचं," म्हणत डॉक्टर तसेच, हात न धुता, पाच नंबरकडे वळले होते.

नर्सच्या थाळीतही तोच पंजा होता. बाईंच्या स्वतःच्याही. बाईंनी कपाटातलं एकूण एक औषध त्यावर टाकून पाहिलं. पंजा तसूभर मागे हटला नाही.

"थाळ्याच खराब आल्यात," डॉक्टर म्हणाले. "ती कोरी ठेवलेली बघा."

त्या थाळीला कुणीच हात लावला नव्हता. बाईंनी ती उजेडात धरली. जेली अगदी स्वच्छ होती.

चार बोटांचा पंजा झाकणाला आतून टेकला होता.