बत्तिसावा अर्ज

“आमचीच लॉ फर्म का निवडली?” अर्जातल्या या प्रश्नापुढे तिने एकतीस वेळा नावलौकिक, परंपरा असं गोडगोड लिहिलं होतं, कुणी हिंग लावून विचारलं नाही. बत्तिसाव्या अर्जात तिने खरं ते लिहून टाकलं आणि बोलावणं आलं. थोरल्या वकिलांनी तिच्यासमोर अर्ज वाचला, “‘तुमच्या ऑफिससमोर डायलिसिस सेंटर आहे.’ बाई, हे काय कारण झालं?” “नवऱ्याला आठवड्यातून तीनदा तिथे आणते. त्याला मशीनला लावून कामावर येईन, दुपारी उतरून त्याला गाडीत बसवेन. लांबच्या तीन नोकऱ्या यापायीच गेल्या.” त्यांनी कागद खाली ठेवला. “एवढं खरं लिहिणारीला पत्राने नकार देववेना, म्हणून बोलावलं. पुढच्या महिन्यात ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला जातंय.” ती खुर्चीतून उठली नाही. “मग महिनाभर तरी ठेवा, सर.”