हो साहेब

सातपुड्यातल्या त्या टेकडीवर एकाच दगडापाशी फोनला रेंज येई, म्हणून पाड्यातल्या बायका दुपारी तिथे जमल्या होत्या. नव्या आमदारबाई फोनवर लाइव्ह बोलणार होत्या. म्हाताऱ्या जात्रीबाईने सवयीने पदर डोक्यावर घेतला आणि ती हात जोडून उभी राहिली. पुढारी सभेत बोलोत की फोनवर, त्यांची मराठी तिला कधीच कळली नव्हती. शेवटी "हो साहेब" म्हणायचं, एवढीच मराठी तिला येई.

बाई पडद्यावर आल्या, बोलू लागल्या. जात्रीबाई मान डोलावता डोलावता एकदम थिजली. बाई चक्क पावरीत बोलत होत्या! चुलीपुढे बोलायची, भांडताना बोलायची, तिच्या आईची ती बोली आज सरकारच्या तोंडून येत होती. तिचे डोळे भरून आले. देवाला लावावा तसा तिने फोनला हळूच हात लावला आणि तो कपाळी नेला.

"तुमच्या नदीवरचा पूल तर बांधूनसुद्धा झाला," आमदारबाई म्हणाल्या.

जात्रीबाईने वळून खाली पाहिलं. बाजाराहून परतणाऱ्या बायका डोक्यावर बोचकी घेऊन कमरेइतक्या पाण्यातून नदी ओलांडत होत्या.

"रमिला!" तिने नातसुनेचं मनगट घट्ट धरलं. आनंदाने तिचा आवाज कापत होता. "अगं, ही बाई खोटं बोलतेय! आणि मला कळतंय!"