बंपरखालचे थेंब

चढ लागला की माझी शर्यतीची टर्बोवाली गाडी धापा टाकायची. टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करणं हे इंटरकूलरचं काम, पण तो स्वतःच तापून बसायचा. शेवटी मी आणि माझ्या धाकट्या भावाने वायपरच्या पाण्याची नळी पुढे ओढली आणि बंपरमागे, इंटरकूलरच्या तोंडावर दोन बारीक फवारे बसवले. बटण दाबलं की इंटरकूलर भिजायचा आणि गाडी चढावर सुसाट सुटायची.

"ताई, हे दाजींनासुद्धा सांगू नकोस," भाऊ म्हणाला. मी खरंच नाही सांगितलं.

शर्यतीच्या दिवशी गेल्या वर्षीच्या विजेत्याची गाडी आमच्या बाजूलाच, जराशी पुढे उभी होती. ऊन रणरणत होतं, रस्ता कोरडाठाक, आणि तिच्या पुढच्या बंपरखालून टपटप पाणी गळत होतं. मी काही बोलायच्या आत शेजारच्या सीटवरून भाऊ पट्टा आवळत म्हणाला, "एसीचं पाणी असेल गं."



शर्यतीच्या गाडीतून सगळ्यात आधी एसी उपटून टाकायचा असतो, हे मला त्यानेच शिकवलं होतं.