पुतळाबाईचं पोट

"भूक मारायला आमाला कधी आपरेशन लागलं न्हाय, सायेब!" सारजाबाई म्हणाली आणि पुण्याच्या त्या डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची सोडून उभीच राहिली. "पुतळे, ऊठ. चल घरी."

पुतळाबाई उठली नाही. उठायचं म्हटलं तरी तिला टेबलाचा आधार घ्यावा लागायचा. तामलवाडीच्या शाळेत ती शिकवायची. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की धाप लागायची. एसटीची पायरी चढताना मागून कुणाला तरी रेटा द्यावा लागायचा. काळीज थकत चाललंय, असं सांगून सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला इथं धाडलं होतं. हे डॉक्टर परदेशात शिकून आले होते. वजन उतरवायचं ऑपरेशन करायचे.

सारजाबाईला मात्र लेकीचं अंग म्हणजे मिरवायची गोष्ट होती. वस्तीनं बौद्ध धर्म घेतला त्या वर्षापासून तिनं कुणाच्या दारातली शिळी भाकरी घरात आणली नव्हती. नवरा लवकर गेला. दुसऱ्याच्या रानात खुरपून, मोळ्या विकून तिनं एकुलत्या लेकीला शिकवलं आणि खाऊ घातलं. पोरगी अंगानं भरली तशी ती तिला मुद्दाम मोठ्या घरांच्या गल्लीतून न्यायची. "बघू दे की! उष्ट्यावर वाढलेली न्हाय." दवाखान्याचा काटा पुरेना, तेव्हा सोसायटीच्या गोदामात खताची पोती तोलायच्या काट्यावर पुतळाबाईला उभं केलं होतं. हमाल तोंड फिरवून हसले. लेकीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आई मात्र काट्याशेजारी ताठ मानेनं उभी.

डॉक्टरांनी सारजाबाईला पुन्हा बसवलं. शांत माणूस होता. चित्र काढून त्यांनी दोन्ही तऱ्हा परत समजावल्या. एकात आतड्याचा बराचसा भाग वगळून वरचं टोक खाली जोडायचं. जेवण नेहमीसारखंच, पण त्यातलं पुष्कळसं अंगी लागत नाही, तसंच निघून जातं. दुसऱ्यात पोटाची पिशवी टाके घालून वाटीएवढी करायची. मग चार घासांतच पोट भरतं.

"म्हंजे एकात अन्नाची माती," सारजाबाई म्हणाली, "आन् दुसऱ्यात जलमभर उपास."

डॉक्टर पुतळाबाईकडं वळले. "बाई, मी पहिलं सुचवीन. खाण्यावर बंधन नाही आणि वजन हमखास उतरतं. एक त्रास आहे. दिवसातून सात-आठ वेळा संडासला जावं लागेल. कदाचित कायमचं."

पुतळाबाईला हसू आलं. शाळेला संडास नव्हता. गावातल्या बाया दिवस उगवायच्या आत ओढ्याकडं जाऊन यायच्या. औंदा पावसानं दडी मारली होती. टँकर आला तर घागरभर पाणी, नाही तर तेही नाही.

"भर वर्गातून उठून मी कुठं जाऊ, डॉक्टर?"

डॉक्टरांनी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "मग दुसरं. पण मन आवरावं लागेल. चार घासांच्या वर गेलात की उलटून पडेल. तुमचं तुम्हालाच जपावं लागेल."

"पोटच लहान करा."

सारजाबाई कडाडली. "रगताचं पाणी करून उभं केलं म्या हे अंग! गावाच्या नाकावर टिच्चून! आन् तू त्याला सुरी लावतीस?"

"गावाच्या नाकावर टिच्चायला आधी म्या जिती ऱ्हायला पायजे, आय." पुतळाबाईचा आवाज चढला नाही. "तू उभं केलंस, खरं हाय. पण हे अंग ओढत न्यायचं मला हाय. म्या ठरवणार."

सारजाबाई त्यावर काही बोलली नाही. ऑपरेशन झालं तरी बोलली नाही. दवाखान्यात लेकीच्या खाटेखाली पटकूर टाकून निजली, तिचं सगळं केलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. गावी आल्यावर पातळ पेज, मग मऊ भात, असं डॉक्टरांनी सांगितलं तसं करून घातलं. मुक्यानंच.

भाकरीची परवानगी मिळाली त्या दिवशी दुपारी तिनं ताट वाढलं. पहिल्यासारखंच. ज्वारीच्या दोन भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, वाटी काठोकाठ आमटीनं भरलेली. ताट लेकीपुढं सरकवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बघूच, असं म्हटल्यासारखी.

पुतळाबाईनं चतकोर मोडला. आमटीत कुस्करला. एकेक घास बारीक चावून खाल्ला. मग हात थांबवला.

"बास?" किती दिवसांनी सारजाबाईच्या तोंडून शब्द निघाला.

"बास. पोट भरलं." पुतळाबाईनं ताट आईच्या बाजूला सरकवलं. "जेव आता."

"म्या मागनं जेवती."

पुतळाबाईनं तिचा हात धरला. खडबडीत, काटकुळा हात. मनगटातली बांगडी पार कोपरापर्यंत सरकायची. ओढून तिनं आईला ताटासमोर बसवलं.

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून यायचीस, मला वाढायचीस आन् हेच म्हणायचीस. तवापासनं तू वाढत गेलीस, म्या खात गेले. मागं कधी काय उरलंच न्हाय, आय. आज उरलंय. जेव."