शबानच्या आईची गिरकी

“तुमूच्या खुर्चीसमोर थांबा,” म्वानाइदी आरशात बघत म्हणाली. तिच्या एका डोळ्यात काजळ घालून झालं होतं, दुसरा बाकी होता. “दोन गिरक्या घ्या. मग नोट घेऊन माझ्याकडे या.”

शबानची आई दारातच उभी राहिली. या गायिकेने कधीतरी आपल्याला आतल्या खोलीत बोलवावं म्हणून तिने अर्धं आयुष्य पुढच्या रांगेत काढलं होतं. बोलावलं, ते हे सांगायला.

लग्नात तारबची गाणी गाणारी टोमणा मारते, नाव घेत नाही. नाव ऐकणाऱ्यांनी घ्यायचं, तेही तोंडाने नाही. कडवं रंगलं की एखादी बाई नोट हलवत उठते, डोलत फिरते, आणि जिच्यासमोर गिरकी घेते तिच्या अंगावर ते कडवं पडतं. कुणी उठलंच नाही तर टोमणा हवेत विरून जातो. साऱ्या तेमेके वस्तीत शबानच्या आईच्या गिरकीला मान होता. ती उगाच कुणासमोर थांबत नाही, असा तिचा लौकिक.

“आज नको,” ती म्हणाली. “तुमूच्या पोरीचं लग्न आहे.”

“म्हणून तर आज.”

बाहेर नवऱ्यामुलाच्या आत्या पहिली रांग अडवून बसल्या होत्या. मोठं नाव म्हणून म्वानाइदीला त्यांनीच ठरवलं होतं. त्या लांबच्या किल्वा गावच्या. या गायिकेचा नवरा जिने पळवला तीच आपली होणारी विहीण, हे त्यांच्या कानावर अजून आलं नव्हतं.

“तुमू गेली उडत,” शबानची आई म्हणाली. “तिच्या पोरीने, इल्हामने काय केलंय? त्या बाया तिला सुखाने नांदू देतील? भाजीत मीठ कमी पडलं तरी तिची आई काढतील.”

“काढू देत. माझी काढायची कुणी बाकी ठेवली होती?” म्वानाइदीने वळून तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमूने काय दिलं तुम्हाला?”

“पिलावची थाळी. त्यातही मांस शोधावं लागलं.”

म्वानाइदी हसली नाही.

“माफ कर तिला,” शबानची आई म्हणाली. “तूच गायलीस ना ते? जिने आपलं घेतलं तिलाही तहानेला पाणी द्यावं, असं. मी ढसाढसा रडले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन सवतीला घरी घेऊन आले. मोझा तेव्हापासून माझ्याकडेच आहे. तिच्या गोळ्या, तिचं पथ्य, तिची कुरकुर, सगळं मी बघते.”

“ते दुसऱ्या कुणी लिहिलेलं होतं. मी नुसतं गायले.”

“मला कुठे माहीत होतं? मी तशी वागून बसले.”

काजळाची कांडी टेबलावर आपटली.

“गाणं ऐकायला येतेस, ऐक आणि जा.” तुम्हीचं तू झालं होतं. “मला शिकवू नकोस. तू नाही थांबलीस तर माझी चुलत बहीण आहे.”

चुलत बहिणीची गिरकी कुणी खरी धरली नसती. हे त्या खोलीतल्या दोघींनाही कळत होतं. पण किल्व्याच्या आत्यांना कुठे कळणार होतं?

गाणं सुरू झालं. आवाज असा की वैऱ्यानेही मान डोलवावी. तुमू मुलीच्या मागे बसली होती, मान खाली घालून. ज्याला टोमणा बसायचा असतो त्याला तो सगळ्यांच्या आधी ऐकू येतो.

दुसरीच्या ताटातला मासा पळवलास,
काटा घशात अडकला तर माझ्या दारी येऊ नकोस.

चुलत बहिणीने पर्स उघडली. पण त्याआधी शबानची आई उठली होती, नोट वर धरून, आणि सगळं सभागृह सरसावून बसलं होतं. ती उठल्यावर दुसरी कुणी उठत नाही. चुलत बहिणीने पर्स मिटली. शबानची आई डोलत डोलत तुमूच्या रांगेपाशी आली. म्वानाइदीने तीच ओळ पुन्हा उचलली, आणखी वरच्या पट्टीत.

शबानची आई पुढे गेली.

पार मागे भिंतीपाशी मोझा पाय पसरून बसली होती. तिच्यासमोर तिने गिरकी घेतली. मग दुसरी.

“ऊठ, चोरटे.”

“गुडघा दुखतोय माझा.”

“आणि माझा काय नवीन आहे? ऊठ.”

हात धरून तिने सवतीला उभं केलं तेव्हा सगळ्यांना दिसलं, दोघींच्या अंगाला गुंडाळलेला छापील कांगा एकाच जोडीचा होता, मधोमध कापून वाटून घेतलेला. एकमेकींच्या कमरेत हात घालून दोघी लंगडत, डोलत निघाल्या. आधी मागची रांग हसली, मग मधली. किल्व्याच्या आत्यांना कुणीतरी कानात सांगितलं, सवती आहेत सवती, आणि त्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून घेतलं. मग जिभा हलवून बायकांनी असा काही गजर केला की त्यात कडव्यातला मासाही बुडाला आणि काटाही. इल्हामसुद्धा हसली. तुमूने तेवढी मान वर केली नाही.

गाता गाता नोट नाकारायची रीत नाही. म्वानाइदीने हात पुढे केला, नोट घेतली आणि माईक बाजूला धरला.

“तुला मी जन्मात माफ करणार नाही.”

“माझं चालून जाईल,” शबानची आई मोझाचा भार सावरत, धापा टाकत म्हणाली. “एकच माफी असेल तुझ्याकडे, तर ती तुमूला दे.”