अंबूची जबानी

“बोल! गंज कुणी पेटवली?” फौजदार पुन्हा ओरडला. अंबू त्याच्या मिशांकडे टक लावून बघत राहिली. पोर जन्मापासून ठार बहिरी आणि मुकी, पण जोरात विचारलं की तिला ऐकू येईल अशी फौजदाराची पक्की समजूत असावी.

“पुरे,” न्यायाधीश गद्रे म्हणाले. “तिचं म्हणणं कळल्याशिवाय मी तिला कुठंही पाठवणार नाही.”

भोरच्या कचेरीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. विंझरच्या रखमाजी पाटलांची गवताची गंज पेटली, आग गोठ्यात शिरली आणि बैलजोडी होरपळून मेली होती. गंजीजवळून पळणाऱ्या अंबूला पाटलांनी स्वतः पाहिलं होतं. मुलगी बारा-तेरा वर्षांची. गुन्हा शाबीत झाला तर लांबच्या सुधारशाळेत रवानगी, थेट मोठी होईपर्यंत.

“सायेब, तितं हिचं हात कुनाला कळनार?” तिची मावशी धोंडाबाई कळवळून म्हणाली. “भूक लागली, दुकलं-खुपलं, कुनाला सांगंल? जित्तेपनी मरंल पोर.”

आई गेल्यापासून या मावशीनंच अंबूला वाढवलं होतं. विंझरच्या वरच्या अंगाला त्यांची चार घरांची वाडी. भातकापणीची घाई, म्हणून वाडीतलं दुसरं कुणी आलं नव्हतं. मावशी-भाचीनं मिळून हातांची एक बोली घडवली होती. वाडीला त्यातल्या मोजक्या खुणा यायच्या. बाकी सारी भाषा या दोघींची.

“मग तूच तिचं बोलणं आम्हाला सांग,” गद्रे म्हणाले.

पाटील उसळले. “मावशीच ती! पोरीच्या बाजूनंच सांगनार!”

गद्र्यांनी तोड काढली. धोंडाबाईला बाहेर ओसरीवर नेऊन बसवलं. आत अंबूच्या देखत पट्टेवाल्यानं आपली पगडी शिरस्तेदारांच्या डोक्यावर ठेवली, त्यांचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला आणि टेबलाखाली दडून बसला. शिरस्तेदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मग सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवून धोंडाबाईला आत बोलावलं.

अंबूचे हात भराभर फिरू लागले. धोंडाबाई ते बघत बघत बोलत गेली.

“पट्टेवाल्यानं चष्मा लावला. पगडी ह्या दादांच्या डोक्यावर घातली आन् टेबलाखाली दडला.” ती जरा अडखळली. “आन् ती म्हनती, दादांच्या डोक्यावर केस न्हाईत.”

कचेरी खदखदून हसली. शब्द नाही, आवाज नाही, तरी एकीच्या डोक्यातली गोष्ट दुसरीच्या डोक्यात जशीच्या तशी पोचली होती. गद्र्यांच्या अंगावर काटा आला. सारं आयुष्य लोकांचं बोलणं ऐकण्यात गेलेला हा माणूस, पण बोलणं कशाला म्हणतात ते त्याला आज दिसलं.

पाटील मात्र हटेनात. “बेलभंडार उचलू द्या तिला. मग मी इस्वास ठेवीन.”

बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची छाती मावळात कुणाची नव्हती. वंश बुडतो म्हणत. धोंडाबाईनं दोन्ही ओंजळीत घेऊन कपाळाला लावलं.

“पोर सांगंल त्येच सांगीन,” ती म्हणाली.

गद्र्यांनी प्रश्न विचारला. धोंडाबाईनं बेलभंडार खाली ठेवून तो हातांनी अंबूला सांगितला. अंबूनं वेळ लावला नाही. तिनं हनुवटीवर बोट टेकलं, काडी ओढल्यासारखं केलं आणि दोन्ही पंजे वर वर नेले. मग डोक्यावर शिंगं दाखवली, जीभ बाहेर काढून धापा टाकल्या, मान टाकली. आणि रडू लागली.

धोंडाबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

“काय म्हणते ती?”

“शिंगं म्हंजी आमची म्हस, सायेब. पाटलांनी कोंडवाड्यात घातली. पान्याबिगर मेली. त्या रागानं गंज पेटवली.”

“कुणी पेटवली? हनुवटीवर बोट म्हणजे कोण?”

धोंडाबाईनं पदर मागं सारून चेहरा वर केला. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते.

“म्या, सायेब. पोर भिऊन पळाली निस्ती.”

स्वतःविरुद्धची साक्ष ही बाई आपल्याच तोंडानं सांगत होती! एवढा खरेपणा पाटलांनाही झेपेना. ते जमिनीकडे बघू लागले.

“बाई, तू दुसरं काही सांगितलं असतंस तरी आम्हाला कळलं नसतं,” गद्रे हळू आवाजात म्हणाले.

“बेलभंडार उचललाय न्हवं, सायेब.”

अंबू सुटली. धोंडाबाईला तुरुंग झाला. शिपाई तिला नेऊ लागले तशी अंबू मध्ये घुसली. हनुवटीवर बोट, काडी, जाळ; पुन्हा हनुवटीवर बोट. जीव तोडून ती तेच तेच सांगत होती. धोंडाबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

“काय ही पोर!” गर्दीतलं कुणीतरी हळहळलं. “अजून मावशीलाच दाखवतीय.”

धोंडाबाई दारापाशी पोचली तेव्हा गद्रे खुर्चीतून उठून उभे राहिले. कुठल्याही गुन्हेगारासाठी ते असे कधी उठले नव्हते. त्यांच्यामागोमाग सारी कचेरी उठली.

दुसऱ्या दिवशी एका शिपायानं अंबूला वाडीवर आणून सोडलं. ती बांधावरच थांबून राहिली. खळ्यावर भात झोडणाऱ्या शेजारणीनं, फुलाबाईनं, तिला लांबून पाहिलं. हातातली पेंढी टाकून ती घाईघाईनं पुढं आली, आणि वाडीतली बायापोरं अंबूला तिच्या नावानं बोलवायला रोज करायची ती खूण तिनं केली. हनुवटीवर बोट टेकलं.